परड्यात गवा, माळ्यावर नाग: वस्तीवर राहणाऱ्यांनी काय करायचं

घराजवळ जनावर दिसलं की आधी फोन काढायचा नाही, आणि गल्लीला हाक पण मारायची नाही. पहिल्या मिनिटात एवढंच बघायचं की हे आलं कुठनं, त्याला परत जायला वाट कुठली आहे, आणि आपण त्या वाटेतच तर उभं नाही ना. गवा असूदे, बिबट्या असूदे, न्हाणीतला साप असूदे, हिशोब हाच. आमच्या भागात जनावरापायी जी काय भानगड होते ती बहुतेक वेळा त्याची वाट बंद झाल्यामुळं होते, आणि वाट बंद करणारे कोण तर आपणच, शे-दोनशे जण, निम्मे मोबाईल वर धरून आणि निम्मे "आरं हिकडं आलं हिकडं आलं" म्हणून बोंबलत.

डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा शिरलेला सगळ्यांनी टीव्हीवर बघितला असेल. लोकं मागं, गवा पुढं, भिंतीवर गेटवर धडकून तोंड रक्तानं माखलेलं, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि मेला बिचारा. पुढच्याच वर्षी डिसेंबरात कोल्हापूर शहराच्या कडेला गवा आला, त्या दिवसांत करवीर तालुक्यात भुयेवाडीला एका तरुण पोराचा जीव गेला. म्हणून हे लिहायलोय, कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-भुदरगडपासून शिरोळपर्यंत ज्यांची घरं मळ्यात, वस्तीवर, डोंगराच्या पायथ्याला आहेत त्यांच्यासाठी.

फोनमध्ये तीन नंबर आत्ताच टाकून ठेवा. वनविभागाचा १९२६, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२. आणि चौथा आपल्या बीटच्या, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडं आहे त्या वनरक्षकाचा, तो ग्रामपंचायतीत मिळतो, रात्री दोनला कामाला येतो तो हाच. घरात म्हाताऱ्या माणसांचा साधा फोन असला तर त्यात पण टाका, कारण दिवसा घरात तीच असतात.

गवा

दाजीपूरचं जंगल १९५८ ला गव्यांसाठीच राखीव झालं, आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. उन्हाळ्यात वर चारा वाळला, पाणवठे आटले की कळप खाली उतरतात, आणि खाली आपला ऊस, मका, शाळू हिरवागार उभाच असतो. कळप आला तर नुकसान पिकाचं जास्त, माणसाला बघून कळप सहसा बाजूला होतो, पिल्लं असतील तर मात्र लांबच राहा. जपायचं ते एकट्या थोराड नराला. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो, आणि दिसायला जड असला तरी कुंपणावरनं उडी सहज मारतो, त्यामुळं तारेच्या पलीकडं आहे म्हणून निवांत राहू नका.

तो चिडलाय हे कळतं. आधी मान वर करून एकटक बघत राहतो, मग नाकातनं जोरात फुसकारा टाकतो, आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते ती म्हणजे तो अंग आडवं करून दाखवतो, म्हणजे तोंड आपल्याकडं नसतं, पूर्ण कूस दाखवत पाय ताठ ठेवून हळूहळू चालतो. माणसाला वाटतं चालला आपल्या वाटेनं. तो चाललेला नसतो, तो आपलं माप दाखवत असतो, इथनं पुढं डोकं खाली घातलं की वेळ संपली. कूस दाखवली की तेव्हाच मागं सरकायचं, पाठ न फिरवता, हळू, आणि मधे काहीतरी घट्ट ठेवायचं. जाड बुंध्याचं झाड, ट्रॉली, पाण्याची टाकी, गोठ्याची भिंत, काहीही. मोकळ्या रानात पळत सुटलात तर तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो, त्यात वाद नाही.

मोटारसायकलवर असाल आणि पाणंदीत, नाहीतर गगनबावडा, फोंडा घाटाकडच्या रस्त्याला गवा आडवा आला तर लांबच थांबा, हॉर्न नको, लाईट डीम करा, अप्पर मारून डोळ्यात झोत टाकू नका. एक गेला म्हणून लगेच गिअर टाकू नका, मागं अजून असतात, दोन-चार मिनिटं जाऊद्या की, घरी जेवण गार होईल तेवढंच. आणि कृपा करून कुत्रं सोडू नका त्याच्या अंगावर. कुत्रं भुंकतं, गवा कुत्र्याच्या मागं लागतो, आणि कुत्रं पळून कुठं येणार, तर मालकाच्या पायात.

गावात किंवा शहरात शिरला असेल तर गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणसं उभी करायची ती गव्याला अडवायला नाही, माणसं अडवायला. शाळेत निरोप द्यायचा, गेटं लावून घ्यायची, नदीकडची नाहीतर रानाकडची बाजू रिकामी सोडायची. अंधार पडला आणि गोंधळ थांबला की बऱ्याचदा तो आपला आपण निघून जातो.

बिबट्या आणि उसाचा फड

आजकाल निम्मे बिबटे मोबाईलमध्येच असतात. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ "आत्ताच आपल्या गावात" म्हणून फिरतो, आता तर एआयनं केलेले फोटो येतात, बिबट्या चक्क बसस्टॉपवर बसलेला. ग्रुपवर पुढं ढकलायच्या आधी कुणी बघितलाय, कुठल्या शेतात, किती वाजता एवढं विचारा. ठसा दिसला तर त्याच्याशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला पाठवा. नखं उठली असतील तर बहुतेक कुत्रं असतं, बिबट्या चालताना नखं आत घेतो.

खरा असेल तर तो कशाला आलाय ते बघा. कुत्री, शेळ्या, कोंबड्या, उकिरड्यावरची घाण. सोप्यात साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवल्यासारखं आहे, ते रात्री आत घ्या. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरनं पण बंद पाहिजे, नुसत्या चार फुटी भिंतीला तो जुमानत नाही. दाराला कडी आतनं बाहेरनं दोन्हीकडनं लागली पाहिजे. वस्तीपासून ऊस जरा लांब असला तर बरं, पण एकर-दीड एकर रान असणाऱ्याला हे सांगणं सोपं, करणं अवघड, मान्य आहे. निदान घर आणि ऊस यांच्यातलं गवत, झुडपं, पाल्याचा ढीग काढून पट्टा साफ ठेवा आणि त्या बाजूला एक बल्ब लावा.

संध्याकाळी उसाच्या कडेला वाकून वैरण कापणं, नाहीतर बसणं, हे टाळायचं. बसलेला, वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, छोटं जनावर वाटतं. बारक्या पोरांना दिवस मावळल्यावर एकटं अंगणात सोडू नका. समोरासमोर गाठ पडली तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, बारकं पोरगं असेल तर ते न वाकता उचलून घ्यायचं, हात वर करायचे, हातात टॉवेल असला तर तो फडकवायचा, मोठ्या आवाजात बोलायचं आणि तोंड त्याच्याकडंच ठेवून मागं जायचं. घरात शिरला तर बाहेरनं कडी घाला, १९२६ लावा, आणि खिडकीतनं बॅटऱ्या मारू नका. खोलीत कोंडलेला बिबट्या पळायला जागा शोधत असतो आणि खिडकीत तुमचं तोंड असतं.

ऊसतोडीत पिल्लं सापडतात, आमच्याकडं दर सीझनला हे ऐकायला येतं. मांजराएवढी, डोळे निळसर, लई गोड दिसतात. हात लावायचा नाही, मांडीवर घेऊन फोटो तर अजिबात नाही. तिथली तोड थांबवायची, माणसं लांब घ्यायची आणि वनविभागाला कळवायचं. ते पिल्लं क्रेटमध्ये त्याच जागेला ठेवतात, कॅमेरा लावतात आणि आई रात्री येऊन एकेक उचलून नेते. आई आसपासच असते, म्हणून तर हात लावायचा नाही. आणि मारायचा विचार करणाऱ्यांसाठी, बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षं आत.

साप

इथं जरा जास्त थांबतो, कारण गवा-बिबट्याच्या बातम्या होतात पण माणसं जातात ती सापानं. आणि जंगलात कमी, शेणीच्या म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगात, जळणात, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला, जमिनीवर अंथरूण टाकून झोपल्यावर जास्त.

आपल्याकडं माणूस मारणारे चार धरून चाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नाग फणा काढतो, तो ओळखायला प्रश्न नाही. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे तीन रांगांत ठिपके, आणि कुकरची शिट्टी सुटावी तसा मोठा फुत्कार. ही सगळ्यात फसवी, कारण लोकं तिला अजगराचं पिल्लू समजतात. पावसाळ्याच्या तोंडाला घोणशीची पिल्लं निघतात, एकदम दहा-वीस, आणि पिल्लालाही जन्मापासून विष असतं. "बारकं अजगर सापडलं" म्हणून कुणी बाटलीत घालून दाखवत असला तर पोरं आधी लांब करा. फुरसं बारकं, माळरानावर दगडाखाली, अंग अंगावर घासून करवतीगत आवाज करतं.

मण्यारीचं वेगळंच. काळी चकचकीत, पांढरे पट्टे, रात्री फिरते, आणि चावली तर दुखत नाही. झोपेतल्या माणसाला कळतच नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, घरातले म्हणतात रात्रीचं मटण बाधलं, आणि थोड्या वेळानं पापण्या जड होतात, बोलणं जाड होतं, गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे उघडेनात तर अंगावर चावल्याची खूण शोधत बसू नका, १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी काढा. कवड्या पण असाच पट्ट्यांचा दिसतो आणि तो बिनविषारी आहे. कवड्याचे पट्टे मानेपासनं गडद असतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचे मानेकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक. पण खरं सांगू का, रात्री बॅटरीच्या उजेडात हे बघायच्या नादाला कुणी लागू नये. पट्टे दिसले की मण्यार समजून चालायचं, चूक झाली तर कवड्याला काय वाईट वाटणार नाही.

धामण, दिवड, तस्कर, गवत्या हे बिनविषारी. धामण म्हशीच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते, शेपटी नाकात घालते, हे सगळं खोटं आहे. ती उंदीर खाते आणि आपल्या पोत्यातलं धान्य वाचवते, रानात दिसली तर जाऊद्या.

घरात साप निघाला तर एका माणसानं सहा-आठ फुटांवरनं नुसती नजर ठेवायची, बाकी सगळे बाहेर. आतल्या खोलीच्या दाराखाली गोधडी नाहीतर चादर गुंडाळून लावायची म्हणजे तिकडं सरकणार नाही. बाहेरचं दार उघडं ठेवा, तासाभरात स्वतः गेला तर चांगलंच. काठीनं डिवचणं, रॉकेल ओतणं, फिनेल टाकणं काही नको, चिडलेला साप फ्रीजच्या मागं शिरला की मग दिवसभर स्वयंपाकघर बंद. नजर हलू देऊ नका, नाहीतर "होता की इथंच" म्हणत सगळं घर उलथं करावं लागतं आणि त्या रात्री कुणालाच झोप येत नाही. सर्पमित्राला बोलवा, पण जो साप गळ्यात घालून रील करतो तो नको. पकडला, बरणीत घातला, झाकण लावलं, वनविभागाला नोंद दिली, असा साधा माणूस शोधून आधीच नंबर घेऊन ठेवा.

साप येऊच नये म्हणून बाजारात पावडरी मिळतात, कुणी लसूण टाकतं, कुणी चुन्याची रेघ मारतं. पैसे वाया. साप येतो उंदरामागं आणि बेडकामागं. धान्य पत्र्याच्या कोठीत, कोंबड्यांचं खाद्य रात्री झाकलेलं, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, भिंतीला टेकलेली फांदी छाटलेली, एवढं केलं की पुष्कळ फरक पडतो. जळण आणि शेणीचा ढीग घराच्या भिंतीपासून लांब आणि दगडावर फळ्या टाकून उंच. शेणी काढताना हात आत घालून काढू नका. आमच्याकडच्या बायका वरची शेणी तशीच हातानं उचलतात आणि दुसरीला बोटं ढिगाच्या आत जातात, नेमकं तिथंच गार सावलीला घोणस वेटोळं करून बसलेली असते, आणि रंग असा की शेणी कुठली अन् साप कुठला कळत नाही. मावशीला, आईला एक लांब दांड्याचं खुरपं ढिगाशेजारीच अडकवून द्या, आधी त्यानं शेणी सरकवायची, मग उचलायची. झोपायला कॉट, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. डासासाठी लावा नाहीतर सापासाठी, काम दोन्हीचं करते.

रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला जावंच लागतं, तिथं गमबूट घाला, बॅटरी पायापुढं मारा, आणि काठी आपटत चला. मोटरच्या पेटीत हात घालायच्या आधी काठीनं झाकण उघडा, उबेला आत साप असतो, विंचू पण.

चावला तर काय. त्या माणसाला बसवा, धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, करदोडा लगेच काढा कारण सूज आली की ते रुततात. चावलेला हात किंवा पाय फळी, घडी केलेलं पोतं लावून हाड मोडल्यावर बांधतो तसा सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही. दोरीनं आवळून बांधायचं नाही, ब्लेडनं कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही. आणि लिंबाचा पाला खायला देऊन कडू लागतो का गोड बघत बसायचं नाही, त्यात जो अर्धा तास जातो तोच अर्धा तास दवाखान्यात पाहिजे असतो. देवाला नंतर जावा, नारळ फोडा, आधी दवाखाना. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, साप मारून पिशवीत घालून नेऊ नका, लांबनं फोटो मिळाला तर ठीक.

सापाच्या विषावर एकच औषध, ते इंजेक्शन चारही सापांवर एकत्र चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट असतं. निघतानाच फोन करून विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का ग्रामीण रुग्णालयात जायचं, का सरळ कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवून बघतात गोठतंय का, घोणस-फुरशाचं विष त्यात कळतं. काही झालं नाही असं वाटलं तरी २४ तास ॲडमिट राहायचं, "आता बरं वाटतंय" म्हणून सही करून घरी आणायचं नाही.

विंचवाचं एक. मोठी काळी इंगळी बघून माणूस घाबरतो पण बारका लाल विंचू जास्त वाईट, बारक्या पोरांना तर फार. घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन नावाचं साधं औषध चालतं हे दाखवून दिलं आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली.

कुत्री

हे रानटी नाही, आपणच करून ठेवलेलं. चिकनवाले रात्री पोतं भरून पिसं-आतडी रस्त्याकडेला, ओढ्यात टाकतात, तिथं कुत्र्यांची टोळी तयार होते, आणि चार महिन्यांनी तीच टोळी शेळ्यांवर पडते. बिबट्यानं मारली म्हणून पंचनाम्याला बोलावतात त्यातल्या काही शेळ्या कुत्र्यांनीच फाडलेल्या असतात. ग्रामसभेत बाकी सगळ्यावर भांडतो, तर एकदा त्या पोत्यावर पण भांडूया.

गाडीमागं कुत्री लागली तर स्पीड वाढवू नका, कमी करा, थांबला तरी चालतं, पळणाऱ्या वस्तूमागं धावायची त्यांना खोड असते. पायी असाल तर उभं राहा, हात अंगाजवळ, डोळ्याला डोळा नको, हळूहळू बाजूला. पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातानं झाका.

चावलं, नुसतं खरचटलं तरी, नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. चुना, मिरची, हळद, तेल काही लावायचं नाही. मग लस, सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शन असतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चाला, त्यामुळं पिल्लू बारकं होतं, घरचंच होतं, हे कारण सांगू नका. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा चावला तरी हेच.

आणि गोठ्यातलं एक, हे नक्की घरात सांगा. म्हैस खायची बंद झाली, तोंडातनं लाळ गळते, आवाज बदललाय, अशावेळी घशात काय अडकलंय म्हणून आपण सरळ कोपरापर्यंत हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्यानं महिन्या-दोन महिन्यांपूर्वी चावलेलं जनावर असंच करतं. हात घालायचा नाही, डॉक्टर बोलवा, आणि हात आधीच घातला असेल तर धुवा आणि लस घ्या.

डुक्कर, हत्ती, माकड, माशा

रानडुक्कर माणसाला टाळतं, पण पिल्लंवाली मादी आणि जखमी नर सरळ मांडीवर येतात. खाली वाकून सुळा मारतं, म्हणून उंचावर चढा, बांध, ट्रॉली, दगड, चार फूट मिळालं तरी पुष्कळ. डुकरासाठी लोकं कुंपणात घरगुती लाईट सोडतात, ते बंद करा बाबांनो. त्यात डुक्कर एखादं मरतं, आणि पहाटे वैरणीला आलेला शेजारी, नाहीतर स्वतः लावणाराच चिकटतो, आणि मग सदोष मनुष्यवधाची केस. सोलरचं झटका मशीन घ्या, त्याचा झटका क्षणभराचा असतो, दणका बसतो पण जीव जात नाही. बांधावर कणकेचा गोळा, सुतळीनं गुंडाळलेलं काहीतरी पडलेलं दिसलं तर उचलू नका, शिकारीचा गावठी बॉम्ब असू शकतो, जनावरांना पण तिकडं जाऊ देऊ नका.

टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती, आजरा-चंदगडकडं. २००० नंतर कर्नाटकातनं, तिलारीच्या बाजूनं यायला लागले ते आता इथलेच झालेत. केळी, ऊस, भात, मेसकाठी, आणि घरात साठवलेलं भात-मीठ पण वासानं शोधतो. टस्कर गावात असेल त्या रात्री मोहाची-काजूची दारू गाळू नका, आणि पडवीत, खोपीत झोपू नका, स्लॅबच्या घरात जावा. त्याच्यापुढं फटाके फोडत मागं लागायचं काम वनविभागाच्या हत्ती पथकाचं आहे, तुमचं नाही.

वानरं आणि तांबड्या तोंडाची माकडं, खायला द्यायचं नाही, विषय संपला. जोतिबाला, पन्हाळ्याला आलेले लोक केळी देतात आणि मग ती खालच्या वाड्यावस्त्यांत कौलं फोडतात. दात दाखवलेलं माकड हसत नसतं.

अस्वल करवंदं-जांभळाच्या दिवसांत भेटतं. एकटं जाऊ नका, बोलत जावा, त्याला लांबनंच कळूदे. अंगावर आलंच तर पालथं पडून मान दोन्ही हातांनी झाका, ते तोंडावर धरतं.

आग्यामाशीचं पोळं झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला असेल तर त्याच्याखाली शेकोटी, धूर, फटाके नको, आणि जवळनं जाताना सेंट मारून जाऊ नका. उठल्याच तर तोंड झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत पळा, विहिरीत उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखानं खरवडून काढा. गोठ्यात बांधलेली जनावरं सोडायला विसरू नका, दाव्याला अडकलेली म्हैस पळू शकत नाही.

पूर

शिरोळ, हातकणंगल्यातल्या लोकांना २०१९ आणि २०२१ आठवतंय. पाणी चढतं तसे साप पण कोरडी जागा बघतात, म्हणजे आपलाच माळा, दुसरा मजला, कपाट. परत आल्यावर घरात एकदम शिरू नका. दारं-खिडक्या उघडा, काठीनं आपटा, गाद्या लांब दांड्यानं उलटा करा, चिखल फावड्यानं काढा, हातानं नाही, आणि बुटाशिवाय पाय टाकू नका. कृष्णेकाठी मगर आहे, पुरात ती ओढ्यात, शेतात, विहिरीत येऊन राहते. पाणी ओसरल्यावर पहिले काही दिवस म्हशी धुवायला, कपड्याला काठावर बसू नका, आणि पाण्यातला ओंडका हलतोय का हे जरा उभं राहून बघा.

भरपाई

बिबट्या, गवा, अस्वल, रानडुक्कर, हत्ती, मगर यांनी माणूस जखमी केला किंवा मारला, जनावर मारलं, पीक खाल्लं, तर वनविभाग भरपाई देतो. पण ती मिळायची तर त्याच दिवशी कळवा. मेलेली शेळी, वासरू जागेवरनं हलवू नका, पुरू नका, दातांच्या खुणा आणि आजूबाजूचे ठसे दिसतील असे फोटो काढा, मग वनरक्षक, पशुवैद्यकीय डॉक्टर यांच्यासमोर पंचनामा. पिकाला सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स. या झेरॉक्सचा एक सेट दारामागच्या पिशवीत कायम ठेवा, कारण त्या दिवशी नेमकी लाईट नसते आणि झेरॉक्सवाला बंद असतो. साप-विंचू चावून शेतकरी गेला तर ते वनविभागाकडनं मिळत नाही, त्यासाठी कृषी विभागाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे, मृत्यूला २ लाख. त्याला दवाखान्याचे कागद आणि पोस्टमॉर्टेम लागतं, आणि घरातनं थेट स्मशानात नेलं तर ते कागद नंतर कुठनंच मिळत नाहीत.